सौनाचं दार

बालसुधारगृहात शनिवारी एकेका पोराची सौनाच्या गरम लाकडी खोलीत वाफ घ्यायची पाळी असे. हिवाळ्यात आलेला वेइक्को पाळी संपली तरी बाहेर येईना. "आत त्याचं सॉसेज झालं असेल, ताई," रांगेतला पोरगा म्हणाला. अधिकारी हेल्काला हसू आलं नाही. वेइक्को आठवडाभर धड जेवला नव्हता. तिने धसकून दार खेचलं. वरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून तो लालबुंद बसला होता. "अरे गाढवा, बाहेर का नाही आलास?" "तुम्ही उघडाल म्हणून थांबलो." हेल्का हुश्श करत बुटांसकट शेजारी बसली. "सौनाला कुलूप नसतं रे. घरच्या सौनाचं दार ढकलायचास ना?" "घरी, हो. इथं सगळी दारं तुम्हीच उघडता." तिने उठून दार लावून घेतलं. "मग आता मला बाहेर काढ." वेइक्कोने उतरून दाराला तळवा टेकवला, तिच्याकडे पाहिलं आणि ढकललं.