खिळ्यावरचा बिल्ला

आजोबांनी तिसरं कुलूप ओढून पाहिलं.

"आई, आजोबा पुन्हा कुलपांना हात लावतायत!" नातीने चहाडी केली. वय वर्षं दहा. आजोबांवर नजर ठेवायचं काम तिला मिळालं होतं आणि ती ते फौजदाराच्या तोऱ्यात करत होती.

"बाबा, बसा ना जरा इथे," लेक म्हणाली.

"बसतो, बसतो." पण बसले नाहीत. परक्या देशातल्या त्या प्राणिसंग्रहालयात पाऊल टाकल्यापासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दारं बघत होते, कड्या बघत होते. प्राण्यांकडे मात्र ढुंकूनही पाहत नव्हते.

सहलीचा आज शेवटचा दिवस. आजोबांच्या घराची किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती. आजी गेल्यापासून चार वर्षं ते एकटे राहत होते. गेल्या महिन्यात रोजच्या दुकानातून घरी येताना वाट चुकले. त्याच्या आधी एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. तेव्हा लेकीने किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, सहलीचे आठ दिवस नीट गेले तर परत देईन, नाहीतर यापुढे माझ्याकडेच राहायचं. आजोबांना आपलं घर हवं होतं. लेकीला आजोबा धडधाकट हवे होते. दोघांचंही काही चुकत नव्हतं, म्हणून तर आठ दिवस दोघांच्याही जिवाला घोर होता.

सात दिवस आजोबा गुणी बाळासारखे वागले. आठव्या दिवशी नातवाने वाघ बघायचा हट्ट धरला.

आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयात वाघांपाशी आजोबांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती. झाडलोट, खाणं, औषधपाणी, सगळं. तिथे एक रीत होती. पिंजऱ्यात झाडायला जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. वाघाचं दार उचलायला दांडा ओढावा लागे. ओढणाऱ्याने आधी खिळा बघायचा. खिळ्यावर बिल्ला असेल तर आत माणूस आहे. इतकी साधी गोष्ट, पण एके दिवशी बिल्ला खिळ्यावर असताना दांडा ओढला गेला. आत दादू होता, आजोबांचा जोडीदार. तो वाचला नाही. दांडा कोणी ओढला, ते आजोबांनी घरात कधीच सांगितलं नाही. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिला एवढंच आठवत होतं की बाबा महिनाभर पानावर नुसते बसायचे, आणि दादूचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

तीन वाजले. वाघाला मोकळ्या आवारात सोडायची वेळ झाली. माणसं कठड्याला चिकटली. नातू तर जवळजवळ लोंबकळतच होता. दोरीपलीकडे गणवेशातली एक मुलगी माईकवर हसत हसत काहीतरी सांगत होती. तिची पाठ दाराकडे होती, तोंड गर्दीकडे आणि एक हात दांड्यावर.

दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी आकडा होता. आकड्यावर लाल प्लॅस्टिकचा बिल्ला होता.

"थांब!" आजोबा ओरडले. "दांडा सोड! खिळा बघ, खिळा!"

तिथे कोणाला कळणार होतं? आजोबा दोरीखालून वाकून पलीकडे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवला. मुलगी किंचाळली. माईक खाली पडला. दोन पहारेकरी धावले, चार जणांनी मोबाईल वर केले. नातू भोकाड पसरून रडू लागला. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं, तिने मनाशी म्हटलं. किल्ली आता विसरा, बाबा.

पहारेकऱ्यांनी दोन्ही दंड धरले तरी आजोबांनी दांडा सोडला नाही. ते हनुवटीनेच आकडा दाखवत राहिले. शेवटी त्या मुलीने वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिने जाळीला तोंड लावून हाक मारली, पुन्हा मारली.

मोठ्या दगडामागून एक माणूस बाहेर आला. हातात झाडू, बादली, कानात गाणी. एवढे लोक आपल्याकडे का बघतायत, हे त्याला कळेना.

मग टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या साहेबाने येऊन आजोबांचा हात हातात घेतला. झाडूवाला तर त्यांच्या गळ्यातच पडला. "हे माझे आजोबा आहेत," फौजदारीणबाई आता दिसेल त्याला सांगत सुटल्या, तेही मराठीत.

आजोबा पहिल्यांदाच बाकावर टेकले. त्यांचा चेहरा निवांत होता. इतका निवांत चेहरा लेकीने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिला रडूच आलं. तिने पर्स उघडली आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"चुकलं माझं, बाबा. तुमचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा ठिकाणावर आहे."

आजोबांनी किल्लीकडे पाहिलं आणि ती तिच्याच मुठीत परत दिली. लहान मुलीच्या केसांवरून फिरवावा तसा तिच्या केसांवरून हात फिरवला.

"ही तुझ्या आईकडे दे, बाळ," ते हळूच म्हणाले. "आणि जाता जाता दादूच्या घरी सांग, वाट बघू नका म्हणावं, तो येतोच आहे. आज मी खिळा बघितला."