सोळा दारं

शरच्चंद्रनं सोळावं दार मोजलं आणि आलेखाच्या कागदावर टिंब मारलं.

म्हसवडच्या पलीकडची तीस घरांची वस्ती. एकाहत्तरचा चैत्र. ज्या घरात देवीचा रोगी, त्या दाराला लिंबाचा डहाळा. डहाळा असेपर्यंत आत फोडणी नाही, तळण नाही, आणि परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून वाईहून आलेला हा आरोग्यसेवक माणसं सोडून दारं मोजायचा.

"काय म्हनतुया कागूद?" अंबूबाईनं विचारलं. वस्तीतली सगळ्यात म्हातारी. रोज त्याच्या मागं फिरायची.

"आजचा आकडा कालच्यानं भागायचा, आजी. उत्तर एकाहून मोठं आलं तर रोग वाढतोय. लहान आलं तर उतरतोय." हे तो धाकट्या भावाच्या कॉलेजच्या पुस्तकातून स्वतःच शिकला होता.

"मग आलं किती?"

"दोन. चार दिवस झाले, रोज दोनच."

पंधरा दिवसांमागं उत्तर अर्धं यायचं. आठ, चार, दोन. मग ट्रक आला आणि हरणाबाईचं पोर साताऱ्याला घेऊन गेला. आईला वर चढू दिलं नाही. पोर परत आलं नाही. ट्रक मागवणाऱ्या चिठ्ठीवर सही शरच्चंद्रची होती. त्यानंतर तो हरणाबाईच्या दारावरून जायचं टाळायचा.

मग आकडा फिरला. एक, दोन, चार, आठ. आज सोळा.

"आता पुन्यांदा ट्रक?" अंबूबाईनं विचारलं. या खेपेला पहिला डहाळा लागला त्या दारात अंजना उभी होती. तिनं मान वळवली.

"नाही. ट्रक आला तेव्हाच सांगितलं होतं ना? दहाच्या आत असले तर ट्रक. वर गेले तर डॉक्टरच इथं येऊन राहतात. औषधं, खाटा, सगळं वस्तीत."

"आन् आया?"

"जवळच बसतील."

"सांगितलं हुतं खरं," अंबूबाई म्हणाली. "म्हातारपनी काय ध्येनात ऱ्हातंय."

त्यानं चिठ्ठी लिहिली. 'सोळा घरे. दररोज दुप्पट. डॉक्टर ताबडतोब पाठवावेत.' उद्या बत्तीस, म्हणजे वस्तीच संपली. दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं त्यानं चिठ्ठी दिली. गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत अंबूबाई डोळ्यावर हात धरून बघत राहिली.

मग ती आपल्या घराकडं वळली. आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. शरच्चंद्रला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"दोन घास खावा, सायेब. आत या."

"आत कसा येऊ, आजी? तुमच्या दाराला डहाळा आहे."

अंबूबाईनं डहाळा काढून शेळीपुढं टाकला.

"आजारी एकच हाय, अंजनाची लेक. बाकीची पंधरा दारं तिच्या सोबतीला हायती."