टेंगूळ

"रडणाऱ्या पेशंटला मी घाबरत नाही," कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर एकदा तिला म्हणाले होते. "गप्प बसलेल्याला घाबरतो. घरीही एवढं लक्षात ठेवा."

बाळाला नुसती सर्दी झाली होती आणि त्या आठवड्यात तिने त्यांच्या दाराशी चकरा मारून उंबरा झिजवला होता. हा टोमणाच, असं तिने धरलं. "आमचं बाळ आणि गप्प? तुमच्या तोंडात साखर पडो!" असं म्हणून ती हसत बाहेर पडली होती.

आज दुपारी ते वाक्य तिला आठवलं, कारण बाळ गप्प झालं होतं.

आधी रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. कोरडा लंगोट घ्यायला ती वळली आणि तेवढ्यात ते पलंगावरून घरंगळलं. खुर्चीतून झेपावून सासूबाईंनी त्याला अर्धंमुर्धं झेललं, पण कपाळ टेबलाच्या कडेला लागलंच. बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"पडल्याशिवाय कोण मोठं झालंय?" बाळाला डाव्या खांद्यावर थोपटत सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा असाच ओट्यावरून पडला होता. डोक्यावर परिणाम झाला, पण तो थेट लग्न ठरवताना दिसला."

तिला हसू आलं नाही. तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मुलांच्या दवाखान्यात ने. ती म्हणाली, तिथे स्कॅनचं मशीन नाही, मोठ्या हॉस्पिटलातच जाते.

"मुंगी मारायला तोफ!" सासूबाई म्हणाल्या. "अगं, कोपऱ्यावर जाऊ. मलाही दाढेचं औषध घ्यायचंय. सकाळपासून मेला जबडा ठणकतोय."

"आई, दाढेचं नंतर बघू. ह्याचे डोळे मिटतायत, बघा ना!"

सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग त्याला तिच्या हातात देत म्हणाल्या, "घे बाई. माझा हात भरून आलाय. तुला हवं तिथे चल."

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

जिन्याच्या वळणावर त्या कठडा धरून थांबल्या. "आई, चला ना लवकर!" ती खालून ओरडली. त्या आल्या, पण सावकाश. आपलं ऐकलं नाही की त्या अशाच चालतात, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

गाडी मुख्य रस्त्याला लागली. "कोपऱ्यावर थांबवू की सरळ?" ड्रायव्हरने विचारलं.

दवाखान्याची पाटी समोर दिसत होती. दारात गर्दी नव्हती. आत ओळखीचे डॉक्टर होते, दोन मिनिटांचं काम. आणि तिथूनही पुढे पाठवलं तर? तिने बाळाच्या गालावर टिचकी मारली. त्याने ओठ हलवले, डोळे काही उघडले नाहीत.

"सरळ," ती म्हणाली.

सासूबाईंनी मागे वळून पाटीकडे पाहिलं. एरवी प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला गाडी शिकवणारी ही बाई खिडकीची काच खाली करून कपाळ पुसत बसली होती. झालं, आता आठवडाभर अबोला, तिच्या मनात आलं.

"रागावलात का?"

त्यांनी नुसतीच मान हलवली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातली डॉक्टर वयाने तिच्याएवढीच होती. तिने बाळाच्या डोळ्यांत टॉर्च मारली.

"उलटी झाली?"

"नाही."

"पडल्यावर लगेच रडलं?"

"खूप रडलं. आता बघा ना कसं गप्प आहे! डॉक्टर, मला तेच…"

डॉक्टरने मान वर केली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. टॉर्च खिशात टाकून ती नर्सला म्हणाली, "स्ट्रेचर. लगेच." आवाज चढवला नव्हता. पावलं धावली, पडदा ओढला गेला. "तुम्ही बाहेर थांबा," कुणीतरी म्हणालं.

ती बाहेर थांबली. देव आठवले, नवस आठवले, कोपऱ्यावरचे डॉक्टरही आठवले.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आली. "धोका टळलाय. बरं केलंत, सरळ इथे आणलंत. दुसरीकडे थांबला असतात, तर हातात काही उरलं नसतं."

बाकावर बसून ती हमसून हमसून रडली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वॉर्डात हलवल्यावर नर्सने तिला आत सोडलं. छातीवर वायरी चिकटवलेल्या, मनगटाला सलाइन. तिने अलगद बोटं हातात घेतली. ती ऊबदार होती. डोळे उघडले, तिच्यावर स्थिरावले, आणि ओठ हलले.

"टेंगूळ उतरलं का गं त्याचं?"

"उतरलं, आई." तिच्या कडेवरचं बाळ सलाइनच्या नळीकडे झेपावत होतं, आरडाओरडा करत.

"आणि मी आपली दाढ दाढ करतेय," सासूबाई म्हणाल्या. "हृदय निघालं की गं!"

तुमच्या घरात आज कोण गप्प आहे? हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी त्यांना विचारून या.