ताईची गाणी

“इतकी उमेद देणारी गाणी सुचतात कुठून हो तुम्हाला? तुमच्या घरी कधी भांडणंबिंडणं झालीच नाहीत वाटतं?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने भर सभागृहात माइक हिसकावला आणि रॉक बँडच्या गायकाला विचारून टाकलं. नव्या अल्बमने आपल्याला कसं सावरलं, हे तोवर एकेक श्रोता डोळे पुसत सांगत होता. आता सगळे खो-खो हसले. ती तर हवेतच!

गायकही हसला. “व्हायची ना! आई-बाबांचा आवाज चढला की ताई मला पांघरुणात ओढायची आणि माझ्या कानात काहीबाही गात राहायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ही तिचीच गाणी. तिला मात्र सगळं ऐकू यायचं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “काय भारी विचारलंस गं!” मैत्रिणी तिला घट्ट बिलगल्या. तिचे हात मात्र टाळीसाठी उठेनात. तिच्या घरी आई-बाबांची जुंपली की हाच अल्बम हेडफोनवर लावून ती भिंतीकडे तोंड करायची. का, तर शेजारच्या पलंगावर कानांवर उशी दाबून पडलेली धाकटी बहीण दिसू नये म्हणून.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नेहमीसारखे आवाज चढले. ती दारात जाऊन उभी राहिली.

“हेडफोन मी धाकटीला देऊन टाकलेत,” ती म्हणाली. “यापुढे तुमचं भांडण मी ऐकणार आहे. इथेच बसून.”