ओलं गोणपाट

नवऱ्याने गळाला लावायला किनाऱ्यावरच्या दगडांखालून टबभर खेकडे वेचून आणले आणि दुसऱ्याच सकाळी छातीत कळ येऊन तो दवाखान्यात भरती झाला. तिला त्या खेकड्यांची मनापासून किळस होती. न्हाणीघरातला तो टब, तो वास, ती सततची खरखर. लग्न झाल्यापासून तिने नाक मुरडतच चालवून घेतलं होतं.

“फेकून दे की सरळ,” बहीण म्हणाली.

“नको गं. घरी आल्यावर ह्यांचं पाऊल आधी तिकडेच वळेल. तेवढंच बरं वाटेल जिवाला.”

दिवसभर ती त्याच्या उशाशी बसायची आणि घरी आली की पदर खोचून कामाला लागायची. नळाचं पाणी खेकड्यांना चालत नाही, म्हणून समुद्राचं पाणी बादलीने आणायची. एकेकाला त्यात बुडवून काढायची, टबात सोडायची आणि वर ओलं गोणपाट पांघरायची. नांग्यांनी बोटं फोडली, तरी एक दिवस चुकला नाही.

घरी सोडल्यावर तो खरंच आधी न्हाणीघरात गेला. गोणपाट उचललं आणि त्याचा चेहरा खुलला. ती दाराशी उभी राहिली. त्याने खिशातून फोन काढला आणि मित्राला लावला.

“अरे, सगळे जिवंत आहेत. ही तर दवाखान्यात नुसती बसून होती, घरात बघायला कुणीच नव्हतं. पण जातच चिवट.”