दोन याद्यांच्या मधलं नाव

नारिन गावातल्या म्हाताऱ्या उलकान एजेच्या, म्हणजे उलकानताईच्या, पत्राला मी दीड वर्ष उत्तर दिलं नव्हतं. पत्रातल्या ओळी शेवटीशेवटी एकमेकींवर चढल्या होत्या. "मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझं नाव नारिनच्या यादीत होतं. ते म्हणतात बिश्केकला पाठवलं, बिश्केकवाले म्हणतात आलंच नाही. मग मी आहे तरी कुठे, बाळा?" ते मला ठाऊक होतं. दर महिन्याला नावं नारिनच्या रुग्णालयातल्या संगणकावरून पुसून राजधानीतल्या, बिश्केकच्या संगणकावर लिहिणारा प्रोग्राम माझा होता. मधेच बंद पडला तर पुन्हा चालवायचा, हा नियमही माझाच. पण आधीच पुसलेलं नाव दुसऱ्या खेपेला कुठून उचलणार? "आगाय, 'पुन्हा चालवा' हेच तुमच्या थडग्यावर कोरू," सोबत काम करणारी जिल्दिज म्हणाली; ती मला आगाय, म्हणजे सर, म्हणते. "म्हणजे मेल्यावरही सुट्टी नाही," मी म्हणालो. प्रोग्राम नव्याने लिहायला आम्हाला अकरा महिने लागले. आता दोन्ही संगणक 'तयार' म्हणेपर्यंत एकही नाव हलत नाही. काल जिल्दिजने मुद्दाम मधेच वीज तोडली, तरी सगळी नावं नारिनमध्ये जागच्या जागी राहिली. मग जुन्या कागदांवरून हरवलेली नावं आम्ही परत भरली, त्यात एजेचंही, आणि तिला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. "आता त्यांना लिहा," जिल्दिज म्हणाली. "काय लिहू? इतक्या उशिरा?" "खरं ते. पण मोठ्या अक्षरात, आगाय. त्यांना वाचता यायला हवं." जाड पेनाने लिहिलं, तर पहिल्या पानावर चारच शब्द मावले: चूक माझी होती, एजे. दुसऱ्या पानावर ती तारीख लिहिली आणि पाकीट आज टपालपेटीत टाकलं.