अनुकंपा तत्त्वावर

"बागेत नाहीतर वसतिगृहाच्या सफाईला जा," विद्यापीठाच्या देखभाल विभागाचे साहेब म्हणाले. नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेली रेश्मा जागची हलली नाही.

"मी वायरमनचा कोर्स केलाय. मला विजेच्या कामावर घ्या."

साहेबांनी फोरमन चिखलीकरांकडे पाहिलं. रेश्माचा नवरा भास्कर त्यांच्याच हाताखाली होता. मैदानातला दिवा बदलताना तो खांबावरून पडून वारला होता.

"माझ्याकडे नको," म्हणत चिखलीकर व्हरांड्यात गेले. ती मागोमाग गेली.

"काका, बाई म्हणून नको का?"

"नाही पोरी. त्या दिवशी समारंभाचे पाहुणे यायचे होते. मीच भास्करला म्हटलं, सेफ्टी बेल्ट राहू दे, पटकन चढ."

हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी राहिली. चिखलीकरांनाही तिथून जाता येईना.

"मग मी तुमच्याच हाताखाली शिकणार," शेवटी ती म्हणाली. "मला तुम्ही तसं चढवणार नाही."

सोमवारी ग्रंथालयाच्या पोर्चमध्ये ती शिडीवर चढली. ट्यूब बसवून ती खाली उतरेपर्यंत चिखलीकरांनी शिडी सोडली नाही.